चारशे सतरा

डेटाबेस मेला, असं फोनवर सांगितलं होतं.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात पोचले तेव्हा दुपारचा दीड,
पत्र्याखाली माग खडखडत होते,
टेबलाखालच्या सर्व्हरवर सुताची पिंजण साचलेली,
आत पंखा कण्हत होता.

मेला नव्हता.
नव्या इन्स्टॉलेशननं पोर्ट बदललेला,
तो एका दाराशी उभा
आणि ही सगळी मंडळी दुसरंच दार ठोठावतायत.

पासवर्ड कॅलेंडरच्या मागे, पेन्सिलीनं.
बरोबर होता, तरी चालेना.
सेटिंगच्या फाइलीत त्याच्या शेवटी कुणीतरी
एक स्पेस सोडलेली.
न दिसणाऱ्या त्या जागेनं माझी चाळीस मिनिटं खाल्ली.

मग नावं उघडली.
प्रश्नचिन्हं, ओळीनं प्रश्नचिन्हं,
जणू हजेरीला कुणी आलंच नाही,
नुसत्या शंका आल्यात.
मूळ फाइल मालकांच्या पुतण्याकडे सापडली, नशीब.
अक्षरसंच बदलून पुन्हा भरली
तेव्हा एकेक जण उठून उभा राहिला:
सायबण्णा, दुर्गय्या, हुसेनबी,
आणि मल्लय्या, मलय्या, मल्लैय्या,
तीन क्रमांकांवरचा एकच माणूस,
पगार मात्र एकाचाच.

एक जण कामाला लागलेला
१ जानेवारी १९०० ला.
जन्म १९८२.
मी हसले. रेवणसिद्धशेठ हसले नाहीत,
त्यांना रविवारपर्यंत बोनस काढायचा होता.

शेवटी मजुरीचा तक्ता जोडायला घेतला
आणि डेटाबेसनं हात झटकले.
फॉरेन की बसत नाही.
तीनशे सहा नोंदी, आठवड्याला एक,
सगळ्या कामगार क्रमांक चारशे सतराच्या,
आणि कामगारांच्या यादीत
चारशे सोळानंतर सरळ चारशे अठरा.

"ते चेकिंग बंद करून टाका," शेठ म्हणाले.
"जुनं काहीतरी असेल."

होतं बंद. एका ओळीचं काम.
ती ओळ मला पाठ आहे,
आणि खोटं कशाला बोलू, बोटं निम्म्यापर्यंत गेलीही होती.

पेंटय्या जॉबर माठावर पाणी प्यायला आलेला.
"कुणाला शिव्या द्यालालाव मॅडम?"
"अडून बसलाय. पुढे जाऊ देत नाही."
"मग चांगलंय की.
ताण्याचा धागा तुटला की माग थांबतंय.
न थांबणारा माग एक होता इथं,
दोन थान भोकाचं काढलं त्यानं, कुणाला पत्ता नाही."
ओठ पुसत त्यानं पडद्याकडं पाहिलं.
"चारशे सतरा?
ती नरसव्वा की. कांड्या भरायची.
मोतीबिंदू झाला, घरी बसली,
त्या वेळच्या क्लार्कनं नाव उडवलं असणार."

मी मनात भागाकार केला.
तीनशे सहा आठवडे.
पाच वर्षं, आणि वर सेहेचाळीस.
शेठनीही केला असावा,
कारण ते अचानक खिडकीबाहेर बघू लागले.
मागांच्या आवाजात
कुणी गप्प बसलं तरी ऐकू येतं.

"भरा," ते म्हणाले, तिकडंच बघत.

एक ओळ. क्रमांक तोच, जुना.
जन्मतारीख माहीत नाही.
तिथं शून्य नाही घातलं, १९०० तर नाहीच,
रिकामं ते रिकामं ठेवलं.
नाव लिहिताना अडले:
नरसव्वा, नर्सव्वा, का नरसम्मा?
पेंटय्यानं फोन लावून दिला.
तिकडून भांड्यांचा आवाज, मग ती.

"कसं लिहिता तुम्ही नाव?"

"मी कुठं लिहिते माय?
अंगठा लावते. तू ऐक अन् लिही."
आणि तिनं ते सांगितलं, सावकाश,
दोनदा.

किल्ली बसली.
तीनशे सहा ओळींना आई मिळाली, असं म्हणणार होते,
पण उलटं होतं खरं तर.

मग बॅकअप घेतला.
पेन ड्राइव्हवर चिकटपट्टी लावून तारीख घातली,
दिवस आधी, मग महिना,
महिना अक्षरात.